ईश्वरास बजावलेली नोटीस

अर्जदार : मी स्वतः, वय बावन्न वर्षे, धंदा अर्जनविशी (कचेरीबाहेर बसून लोकांचे अर्ज लिहून देणे), राहणार तालुका केळापूर, जिल्हा यवतमाळ.
गैरअर्जदार : ईश्वर, वय माहीत नाही, पत्ता वादग्रस्त.
घटनेचे ठिकाण : कचेरीबाहेरचा कडुनिंब, माझ्या टेबलापासून चार पावलांवर.
घटनेचा दिवस : बाजाराचा, वेळ, साहेब लोकांच्या जेवणाच्या सुटीची.
साक्षीदार : एक, मुद्रांक विकणारे चाचा, दोन, शेजारचा टंकलेखक, तीन, कोलाम पोडावरचे, म्हणजे जंगलाकडच्या वस्तीवरचे, एक म्हातारेबुवा, जे वनहक्काचा अर्ज लिहून घेण्यास आले होते.

नावे कोणाचीही दिलेली नाहीत. कागदावर नाव आले की माणूस प्रकरणात अडकतो, हे मला आता जितके कळते तितके पूर्वी कळत नव्हते.

हे मी यवतमाळच्या मोठ्या दवाखान्याच्या व्हरांड्यात बसून लिहीत आहे. आत माझी मुलगी आहे. दोन दरवाजे सोडून पलीकडे, काचेच्या पेटीत, तिची मुलगी आहे. ती वेळेआधी जन्मली. दोघींविषयी डॉक्टर अजून काही सांगत नाहीत. नोटिशीच्या पंधरा दिवसांपैकी आज चौदावा आहे.

सदर प्रकरणाची सुरुवात टंकलेखकामुळे झाली. तो बुद्धाला मानणारा, वाचणारा, आणि मला मुद्दाम वकीलसाहेब म्हणणारा. मी मॅट्रिकला दोनदा बसलेलो असलो तरी माझ्या हातचा अर्ज मसुद्याच्या चुकीवरून परत आलेला नाही, हे तोही मान्य करतो. त्या दिवशी डबा उघडता उघडता त्याने विचारले, "वकीलसाहेब, देव हाये म्हणता, तं पुरावा काय?"

मी म्हणालो, "वावर आहे, त्यात पीक उभे आहे, तर मालक असलाच पाहिजे. सातबारा पाहिला नाही म्हणून मालक नाही, असे होत नाही."

"मंग मालकाचं नाव सांगा ना. एक वावर अन् चार दावेदार. देवळावाला म्हणते माह्यं, मशिदीवाला म्हणते माह्यं. एकाची वारसनोंद दुसऱ्याशी जुळत नाही."

चाचा मुद्रांकांची पेटी मांडीवर घेऊन बसले होते. ते म्हणाले, "अरे बाबा, चार जण भांडून राह्यले, याचा अर्थ वावर हाये, एवढं तरी खरं मान. नसलेल्या वावरासाठी कोण भांडते?"

"भांडते ना चाचा. अशा किती केसा वकीलसाहेबांनीच लिहून देल्या. मोजणीवाला आला तं तिथं नाला निघाला."

लोक हसले. माझ्याकडे आलेले दोन पक्षकारही हसले, आणि ते मला सोसले नाही. मी म्हणालो, वाद तोंडाने मिटत नसतो, कामकाजाने मिटतो. ज्याच्या अस्तित्वाबद्दल वाद आहे, त्याला नोटीस काढावी. पंधरा दिवसांत हजर न झाल्यास प्रकरण एकतर्फी चालवावे, आणि तो नाही असे गृहीत धरावे.

"काढा मंग," टंकलेखक म्हणाला.

मी काढली. चांगल्या कागदावर, समास सोडून, मोत्यासारख्या अक्षरात. 'कोणत्याही धर्मात कोणत्याही नावाने ओळखला जाणारा, ज्यास लागू असेल तो ईश्वर' असे लिहिले, म्हणजे पळवाट राहू नये. मोठ्याने वाचून दाखवली. टंकलेखकाने साक्षीदार म्हणून सही ठोकली. चाचांनी मात्र दोन्ही कानांना हात लावला. "तौबा. मी नाही करत बा सही. मले घरी नातवंडं हायेत."

म्हातारेबुवा इतका वेळ उकिडवे बसून ऐकत होते. त्यांनी विचारले, "कोणाले बोलावून राह्यले?"

"देवाला," मी म्हणालो.

"काय काम हाये?"

"काम काही नाही. आहे की नाही, तेवढे पाहायचे आहे."

ते म्हणाले, "बिनकामाचं कायले बोलावता बापू? आला तं बसवसान कुठं? अन् रिकाम्या हातानं वापस कसा जाईन तो?"

याही बोलण्यावर लोक हसले. मी हसलो की नाही ते आठवत नाही; परंतु कागदाला खळ लावून तो निंबाच्या बुंध्यावर मीच चिकटवला, हे आठवते.

मुलगी तेव्हा पहिल्या बाळंतपणासाठी माहेरी आलेली होती. जावई वणीला कोळशाच्या ट्रकवर असतात. सहाव्या दिवशी तिच्या पायांवर सूज चढली. सातव्या दिवशी सकाळी ती म्हणाली, "बाबा, मले दोन-दोन दिसून राह्यले." तालुक्याच्या दवाखान्यात रक्तदाब पाहिला आणि त्यांनी लगेच गाडी बोलावली. यवतमाळच्या वाटेवर तिला आकडीचा झटका आला. तिचे डोके माझ्या मांडीवर होते. सोबतच्या नर्सबाई म्हणाल्या, "काका, नाव घेत राहा तिचं." मी नाव घ्यायला तोंड उघडले, आणि त्याच क्षणी नोटिशीतले एक वाक्य माझ्या डोळ्यांपुढे जसेच्या तसे उभे राहिले.

'अर्जदार, त्याचे वारस व कुटुंबातील सर्व व्यक्ती यांच्या वतीने.'

जमिनीच्या प्रत्येक अर्जात मी हे वाक्य घालतो. ते न घातल्यास पुढे भाऊबंद उभे राहतात. हाताला सवय असल्यामुळे ते याही कागदावर उतरले होते. मुलीला न विचारता, तिच्या पोटातल्या जिवाला न विचारता, मी दोघींना पक्षकार केले होते. तिचे नाव माझ्या तोंडून निघेना. तिला हाक नर्सबाईंनाच मारावी लागली.

दुसऱ्या दिवशी, बायकोला दवाखान्यात बसवून, मी पहिल्या बसने कागद काढायला गेलो. बुंध्यावर त्याचा वरचा अर्धाच भाग होता.

"खालचा बकरीनं खाल्ला," टंकलेखक म्हणाला. पुढे माझा चेहरा पाहून त्याने डबा बाजूला ठेवला. "भाऊ, काय झालं?" त्याने मला भाऊ म्हटल्याचे ते पहिलेच.

मुदत आणि माझी सही बकरीने खाल्ली होती. वारसांचे वाक्य शाबूत होते. ते मी नखांनी खरवडून काढले, सालीसकट काढले, तरी मनाचे समाधान होईना. मी चाचांना विचारले, आता नोटीस रद्द झाली का? ते हळूच म्हणाले, "तुम्हीच सांगत जाता ना लोकायले. एकदा चिकटली म्हणजे पोचली."

मागे घेण्याचा अर्ज कोणाकडे द्यावा, हा पुढचा प्रश्न होता. नोटीस चारही दावेदारांना लागू होईल अशीच मी लिहिली होती. म्हणून केळापूरच्या देवीपुढे नाक घासले. चाचांनी मला दर्ग्यात नेले आणि माझ्या डोक्यावर रुमाल त्यांनीच बांधला. टंकलेखक विहारात घेऊन गेला, तिथे मी काय मागू असे विचारले तर म्हणाला, "इथं मागाचं काही नसते भाऊ. बसा थोडा वेळ. मी बी बसतो." म्हातारेबुवांच्या पोडावर गेलो, ते लेकीकडे मुकुटबनला गेले होते. तो रिकाम्या हाताने वापस कसा जाईल, हे विचारणाऱ्या त्यांनाच भेटता आले नाही, याची मला सर्वांत जास्त भीती वाटते.

देव सिद्ध होतो की नाही, हे मला आता ठरवायचे नाही. टंकलेखक मला रोज फोन करून सांगतो की रक्तदाबाचा आणि कागदाचा संबंध नसतो, सूज आधीपासूनच असेल. त्याचे म्हणणे खरे असावे. परंतु आतला दरवाजा उघडला की मला नोटिशीचे उत्तर आल्यासारखे वाटते. मघाशी सिस्टरने बाहेर येऊन नातेवाईक कोण, असे विचारले, तेव्हा मी हातातला हा कागद पाठीमागे लपवला. तिला फक्त फडकी हवी होती.

तरी विनंती की, सदर नोटिशीत माझी मुलगी व तिची मुलगी यांचा उल्लेख केवळ लिहिण्याच्या सवयीने झालेला असून, त्या दोघी या प्रकरणात पक्षकार नाहीत, याची नोंद घ्यावी. लिहिणारा मी एकटा आहे. आपले उत्तर जे काही असेल ते माझ्या एकट्याच्या नावे, माझ्याच पत्त्यावर द्यावे. मी उद्या दिवसभर याच बाकावर हजर आहे.