प्रेताला हार घालताना आलेली पाटी

भूतखेत जाऊ द्या, माझा राशिभविष्यावरही विश्वास नाही. तरी हे लिहितोय... कारण घडलं ते माझ्याच बाबतीत.

अकोल्याच्या एका फिल्म क्लबने रविवारी सकाळी एक जुना, फारसा कुणाला माहीत नसलेला विनोदी खूनपट लावला होता. नाटक कंपनीच्या मालकाचा मेकअप रूममध्ये खून होतो. खेळ बुडू नये म्हणून मॅनेजर प्रेतालाच राजा करून सिंहासनावर बसवतो, आणि पब्लिक त्याच्या ‘संयत अभिनया’ला टाळ्या देतं. असे सिनेमे जमवायचा मला नाद, म्हणून अमरावतीहून दोन शब्द बोलायला गेलो होतो. घरी ब्याऐंशी वर्षांचे बाबा एकटेच. प्रमुख पाहुणे ‘हास्य आणि मृत्यू’वर चाळीस मिनिटं बोलले – त्यात हास्य नव्हतं.

पडद्यावर प्रेताला हार घालत होते, तेवढ्यात हाताने लिहिलेली पाटी आली. पूर्वी टॉकीजमध्ये कुणाला निरोप द्यायचा तर काचेवर लिहून चालू सिनेमातच दाखवत – तशी. ‘अमरावतीचे पाहुणे, ताबडतोब घरी फोन लावा.’

क्लबवाल्यांची गंमत समजून मी हसलो. बाकी कुणीच हसलं नाही. तेव्हा मात्र बाहेर येऊन फोन लावला. बाबा उचलेनात. शेजारच्या शबानाभाभींना लावला.

“थांबा भाऊ, पाहते.” मग दार ठोकल्याचा आवाज. “बाबा! ओ बाबा!... या अल्ला! भाऊ, गॅसचा वास येऊन राह्यला!” आणि नवऱ्याला – “अजी सुनते हो, खिडकी तोडो!”

काच फुटली. नंतर बराच वेळ काहीच नाही. त्या वेळात मी कुठले कुठले देव आठवले, ते इथे सांगत नाही.

शेवटी बाबांचाच आवाज. “कावून रे, खिडकी कावून फोडाले लावली? दूध उतू गेलं अन् मले डुलकी लागली, एवढंच त!”

गॅस बंद केल्याचं भाभींकडून दोनदा वदवून घेतलं, मगच फोन ठेवला.

आत जाऊन ऑपरेटरला विचारलं. “पाटी? भाऊ, लॅपटॉपवर चालू हाय पिच्चर. काच कुठून येईन?” हॉलमध्ये वीसेक माणसं होती, एकानेही पाहिली नव्हती. फाईल घरी आणून तो प्रसंग सहा वेळा पाहिला. प्रेत आहे, हार आहे... पाटी नाही.

याचं उत्तर बाबांकडे आहे – “पिच्चर बोर असन, तुले घरची आठवन आली.” असेलही. आता घरी इंडक्शन शेगडी आहे. तिच्यावरचा चहा म्हणजे दवाखान्यातला काढा, असं ते रोज सकाळी ऐकवतात. मी अगदी मन लावून ऐकतो.