दानम्माची चोरी

गुलबर्ग्याच्या त्या गल्लीत दानम्मा कलमचोर म्हणून नावाजलेली. मागून आणलेली फांदी जगत नाही, मालकिणीची नजर चुकवून आणलेलीच धरते, असं ती मानायची. शेजारणीही तिला कात्री घेऊन अंगणात शिरताना बघितलं की आत जाऊन भांडी वाजवत बसायच्या. गल्लीची ती रीतच होती.

आता तिचा डोळा खुद्द लेकीच्या मालावर होता. चैत्राच्या काचेच्या टाकीत, मीठ कालवून केलेल्या समुद्रात, एक केशरी स्पंज होता. भांडी घासायचा नव्हे. जिवंत, दगडाला धरून वाढणारा. चैत्रा नोकरीवर गेली की त्याला खाऊ घालायची ती दानम्माच. तुरीच्या मुलखात समुद्राचं लेकरू वाढवतेय, असं येणाऱ्याजाणाऱ्याला ऐकवायची. आणि आता चैत्राची हैदराबादला बदली झाली, टाकीही तिच्याबरोबर निघाली. लेक जाणार हे दानम्मानं कसंबसं गिळलं होतं. स्पंजही गेला तर घर अगदीच ओकंबोकं होणार होतं. निदान एक तुकडा तरी तिला हवा होता.

चैत्रा बाजारात गेलेली बघून तिनं ब्लेडनं तुकडा कापला आणि निवडुंगाच्या कलमासारखा, कापलेली बाजू सुकावी म्हणून, ताटलीत घालून सावलीत ठेवला. संध्याकाळपर्यंत तो पांढरा पडून वास मारायला लागला. दानम्मानं तो कढीपत्त्याखाली पुरला. जीव हळहळला, जेवणही गेलं नाही.

कापलेली जागा चैत्राच्या नजरेतून सुटली नव्हती. सामान बांधता बांधता ती टाकीतल्या माशांकडं तोंड करून म्हणाली, "स्पंजाला वारा सोसत न्हाई. भोकांत हवा शिरली की गेला. पाण्यातच कापायचा, पाण्यातच दोऱ्यानं दगडाला बांधायचा, अन् वाटीत पाण्यासकट घेऊन दुसरीकडं न्यायचा."

मग तिनं खिडकीखालच्या जुन्या लहान टाकीचा पंप चालू केला. तिच्यात खारं पाणी आधीच भरलेलं होतं.

"अव्वा, मी गच्चीवर जायलेय. लवकर यायची न्हाई."

दानम्मानं ब्लेड घेऊन मोठ्या टाकीत कोपरापर्यंत हात बुडवला.

चैत्रा हैदराबादला गेली. जाताना लहान टाकीबद्दल कुणी अवाक्षर काढलं नाही. चोरीच्या कलमाचं नाव घेत नाहीत. दानम्मा रोज दोरा बघायची. पावसाळा सरता सरता एका सकाळी तिनं दोरा सोडला, तरी तुकडा जागचा हलला नाही. तिला आनंदानं रडूच फुटलं.

दुपारी लेकीचा फोन आला. जेवण, नवी खोली, सगळं बोलून झालं. फोन ठेवता ठेवता चैत्रानं हळूच विचारलं, "अव्वा, धरलं का?"

"काय धरलं?" दानम्मा ठसक्यात म्हणाली. "मी न्हाई बाई तुझं काय घेतलं."

तिकडं चैत्रा किती तरी वेळ हसत राहिली.