वर्षभर न धुतलेली जीन्स आणि आम्ही चौघं

जीन्स मुरायला एक वर्ष लागतं, किस्सा मुरायला पाच मिनिटं पुरतात. त्यामुळे आमच्या चौघांकडे मिळून जीन्स आठ-दहा आहेत आणि किस्से किती आहेत ते विचारू नका! परवा बायको म्हणाली, "एवढ्या जीन्स आणल्यात, एक तरी धुतली असती तर घरात बसायला जागा झाली असती." तेव्हाच ठरवलं की निदान किस्से तरी बाहेर काढून वाळत घालावेत.

आधी चौघं कोण ते सांगतो. मी जळगावचा, ठिबकच्या नळ्या विकतो. वैशालीताई धुळ्याच्या, देवपूरच्या एका कॉलेजात केमिस्ट्री शिकवतात. भटूभाऊ शिंदखेड्याचे वायरमन. आणि योगेश मुक्ताईनगरजवळचा केळीवाला, आमच्यात सगळ्यात धाकटा.

या नादाचं मूळ वैशालीताईंचा भाऊ. तो नोकरीला जपानमध्ये आहे. तिथे अजून जुन्या अरुंद मागांवर डेनिम विणतात. त्या कापडाच्या काठाला बारीक लाल रेघ असते, तिला सेल्व्हेज म्हणतात. कापड सुरुवातीला ताडपत्रीइतकं कडक. मग रोज घालायचं. अंग जिथे वाकतं तिथला निळा रंग हळूहळू उडतो, गुडघ्यामागे, मांडीवर पांढऱ्या रेघा उमटतात, आणि वर्षानं ती पँट तुमची म्हणजे फक्त तुमचीच होते. अट एकच. वर्षभर पाणी लावायचं नाही.

हो, खान्देशात! वैशाखातसुद्धा! उन्हात वाळवायची, वाऱ्यावर टांगायची, पण पाणी नाही. वर्ष झालं की हिवाळ्यात एका रविवारी सगळ्यांनी धुळ्याला जमायचं आणि एकाच टबात पहिली धुलाई करायची. पाणी लागलं तो त्या वर्षी बाद.

* * *

पहिला किस्सा माझाच, म्हणजे कुणाला राग यायला नको.

नवी जीन्स रंग सोडते. हे मला माहीत होतं, सासूबाईंना नव्हतं. दिवाळीत जावई येणार म्हणून त्यांनी गादीवर कोरी पांढरी चादर अंथरली. मी दोन तास ऐसपैस बसलो, फराळ केला, आणि उठलो तर चादरीवर माझ्या बैठकीचा निळाशार ठसा! शिवणीसकट!

मी मेल्याहून मेल्यासारखा. सासरे चष्मा पुसून पाहत राहिले. सासूबाई मात्र शांतपणे म्हणाल्या, "असू द्या. आता तुमची जागा ठरली."

आज पाच वर्षं झाली. दर दिवाळीत तीच चादर निघते, तोच ठसा वर येईल अशी अंथरली जाते आणि मला बरोबर त्यावर बसवलं जातं. दुसरे साडू एकदा चुकून तिथे बसले तर त्यांना उठवलं. सासरी एवढा मान कुणाला मिळतो सांगा!

* * *

वैशालीताई स्कूटीवर रोज एकच जीन्स घालून कॉलेजात जायच्या. वरचे कुर्ते बदलायचे, जीन्स तीच. जून गेला, जुलै गेला. मांडीवर रंग उडायला लागला. ताई खूश. वर्गातल्या पोरी मात्र काळजीत.

शिक्षक दिनाला ताई वर्गात शिरल्या तर टेबलावर फुलं आणि शेजारी एक पाकीट. उघडलं तर आत नवी कोरी जीन्स! मऊ, ताणली जाणारी, खिशावर चमकीचं फुलपाखरू. बरोबर चिठ्ठी: 'मॅडम, गैरसमज नको. साइज अंदाजे घेतला आहे.'

ताईंनी त्या दिवशी फळ्यावर इंडिगोचं सूत्र काढून तासभर समजावलं की जीन्स एकच का. पोरींनी मन लावून ऐकलं. शेवटी मागून एकजण उभी राहिली, "हो मॅडम, कळलं. पण ती घालाल ना?"

ताई दर शिक्षक दिनाला ती फुलपाखराची जीन्स घालतात. पहिली बॅच केव्हाच पास होऊन गेली, तरी घालतात. आम्हाला सांगताना म्हणाल्या, "जपानहून आलेल्या सगळ्या एकीकडे आणि ही एकीकडे," आणि डोळे पुसले. आमचेही पाणावले होते.

* * *

कडक जीन्स बिनमाणसाची उभी राहते. हा आमच्यातला जुना खेळ आहे. भटूभाऊंनी आपली नवी जीन्स अशीच खोलीच्या दारात, अर्ध्या पडद्यामागे उभी करून ठेवली होती. खाली बूट. जमलं की नाही ते संध्याकाळी येऊन बघू म्हणाले आणि निघून गेले.

दुपारी गावातली लाइट गेली. पंप बंद. दहा-बारा जण तावातावानं भटूभाऊंच्या घरी आले. वहिनी म्हणाल्या, "घरी नाहीत." तेवढ्यात एकाचं लक्ष पडद्याखाली गेलं.

"भटूभाऊ, तुना पाय दिखी ऱ्हायनात! बाहेर ये!"

पाय हलेनात. मग लोकांनी पायांना समजावलं. एकानं दम दिला. एका म्हाताऱ्यानं तर हात जोडले, "बठ्ठं पीक उभं शे रे बापा, ये ना बाहेर!" पाय ढिम्म!

तेवढ्यात तुटलेली तार जोडून मागून खरे भटूभाऊ आले, अंगभर घाम, खिशात पक्कड. "मी आठे शे! तार जोडी उनू. ती मनी प्यांट शे!"

लोकांनी एकदा त्यांच्याकडे पाहिलं, एकदा पायांकडे. घरातला पंखा सुरू झाला. हात जोडणारा म्हातारा जाता जाता म्हणाला, "प्यांट चांगली शे. कोनले उलटं बोलत नई."

* * *

आता हनीफचाचा. चाचा नसते तर आमचा नाद पहिल्याच वर्षी बसला असता. धुळ्यात त्यांचं रफूचं छोटं दुकान आहे. जीन्सची खालची दुमड साखळी टाक्यानं शिवावी लागते. तसं मशीन आम्ही दोन जिल्ह्यांत शोधलं. ते चाचांकडे निघालं, कोपऱ्यात, गोणपाटाखाली. पहिल्यांदा कापड हातात घेऊन म्हणाले, "ही पँट आहे की छप्पर?" आणि तीन सुया मोडून शिवून दिली.

चाचांच्या डोळ्यांना आता फार कमी दिसतं. रफू पुतण्या करतो. पण आमच्या रविवारचे परीक्षक चाचाच. टब त्यांच्या अंगणात असतो. धुलाईच्या आधी ते प्रत्येक जीन्सवरून अंगठा फिरवतात आणि पँट कुणाची, वर्ष कसं गेलं, ते सांगतात.

मागच्या खेपेला भटूभाऊंची जीन्स हातात घेतली आणि थांबले. "पक्कड आधी उजव्या खिशात ठेवायचास. आता डावीकडे ठेवतोस. उजवा हात दुखतो का, बेटा?"

भटूभाऊ हसण्यावारी न्यायला लागले. चाचांनी हसू दिलं नाही. "खांबावर चढतोस तू. दाखवून घे."

दुखतच होता, चार महिन्यांपासून. वहिनींनाही सांगितलं नव्हतं. डॉक्टर म्हणाले, खांद्याचा स्नायू फाटत आलाय, खांबावर असताना हात सुटला असता. भटूभाऊ आता बरे आहेत. चाचांचं नाव निघालं की ते आदरानं कानाला हात लावतात.

* * *

राहिला योगेश.

योगेशनं इंजिनिअरिंग दोन वर्षं करून सोडलं आणि केळी बघायला घरी आला. त्याचे वडील, आबा, हे विसरायला तयार नाहीत. योगेशनं मधमाश्यांच्या पेट्या आणल्या, त्या बंद पडल्या. केळीचे वेफर्स सुरू केले, तेही थांबले. आबांचं एक वाक्य ठरलेलं, "तुहं सारं अर्धंच रे भो!"

पहिल्या वर्षी त्याची जीन्स अकरा महिन्यांची झाली होती. आबांना वास सहन होईना. त्यांनी स्वतः ती सोड्यात भिजवून, दगडावर बडवून, कुंपणावर वाळत घातली. पोराची सेवा म्हणून! योगेश शेतातून आला तर कुंपणावर आकाशी रंगाचं काहीतरी लोंबत होतं. आबा खुशीत, "पाह्य, कशी नवी काढली!"

दुसऱ्या वर्षी योगेश हट्टाला पेटला. मला म्हणाला, "दादा, बाकी काही नाही. एक गोष्ट तरी पूर्ण करून आबांना दाखवायची आहे." जीन्सवर केळीचा चीक पडला, काळे डाग पडले, ते कधी जात नाहीत. तरी हा खूश, "हे फक्त माझ्याच पँटीवर असणार." आबा रोज सकाळी चहाबरोबर म्हणायचे, "धू रे ती प्यांट!" आणि योगेश रोज रात्री ती उशाखाली घेऊन झोपायचा.

धुलाईच्या रविवारला तीन आठवडे उरले होते. आबा शेततळ्याच्या कडेला पाइप सरळ करायला वाकले आणि तळ्यात अंथरलेल्या प्लॅस्टिकच्या कागदावरून घसरून आत गेले. त्या कागदावर माणसाला हातपाय टेकवता येत नाहीत. योगेश बांधावर होता. तो तसाच, जीन्ससकट, आत उडी घेऊन त्यांच्यापर्यंत गेला. गड्यांनी दोर टाकला. आबा वर आले तेव्हा बोलत नव्हते.

जळगावला दवाखान्यात आणलं. छातीत पाणी गेलेलं. तीन दिवस आबा आत आणि योगेश दाराबाहेरच्या बाकावर. मी होतोच, भटूभाऊ आले, वैशालीताईही आल्या. ताईंनी येताना कोरडी पँट आणली होती. योगेश म्हणाला, "बदलतो नंतर." ती पिशवी तीन दिवस बाकाखाली तशीच होती.

तिसऱ्या दिवशी आबांनी डोळे उघडले. नर्सनं योगेशला आत बोलावलं, आम्ही दारात उभे. आबांनी पोराकडे वरपासून खालपर्यंत पाहिलं. आवाज निघत नव्हता तरी म्हणाले,

"तुही प्यांट भिजली का रे?"

योगेश मान खाली घालून म्हणाला, "नही आबा."

* * *

त्या रविवारी आम्ही धुळ्याला जमलो. योगेश आला आणि बरोबर आबाही. "पाहू दे मले, काय चालतं तुमचं," म्हणाले. हातात काठी होती, बाकी तब्येत ठीक होती.

वैशालीताईंनी टब भरला. चाचांनी माझी, ताईंची, भटूभाऊंची जीन्स तपासली. योगेश आपली पुढे करेना. शेवटी घडी करून खाली ठेवली आणि हळूच म्हणाला, "चाचा, माझी धरू नका. पाणी लागलंय."

आबांनी पोराकडे पाहिलं.

"लागलंय? बघू तर," चाचा म्हणाले. मांडीवरून अंगठा नेला, गुडघ्यामागे नेला, परत मांडीवर आणला. दुसऱ्या कुणाच्याही जीन्सला त्यांनी एवढा वेळ लावला नव्हता.

"ओली झाल्यावर काढलीच नाहीस तू," ते म्हणाले. "अंगावरच वाळली. आणि वाळत होती तेव्हा चालत नव्हतास. बसला होतास, एकाच जागी. ही घडी फार वेळ बसल्याची आहे, बेटा. एवढा वेळ कुठे बसला होतास?"

  योगेशनं जीन्स उचलली आणि तो टबाकडे गेला.

"थांब," आबा म्हणाले. "नको धू."

"आबा, रोज तर तुम्हीच..."

"नको धू म्हनलं ना! आन इकडे."

चाचांच्या घरची भरीत-पुरी जेवून आम्ही संध्याकाळच्या एसटीनं निघालो. मला जळगावला उतरायचं होतं, बापलेकांना पुढे जायचं होतं. थंडीमुळे खिडक्या सगळ्या बंद. आबांच्या मांडीवर ती जीन्स. योगेश दोनदा म्हणाला, "द्या, पिशवीत टाकतो." आबांनी दिली नाही.

पारोळा गेल्यावर पुढच्या सीटवरच्या बाईंनी नाकाला पदर लावला, मागे वळल्या आणि विचारलं, "काय हो बाबा, कशाचा वास येतोय हा?"

आबांनी जीन्स दोन्ही हातांनी उचलून त्यांना दाखवली.

"माह्या पोराची प्यांट हाये," ते म्हणाले. "पुऱ्या वर्षाची हाये!"