चार दिवस नाही, वर्ष घ्या

त्या डॉक्टरला मी माफ केलेलं नाही. करणारही नाही. राग शिळा होतो म्हणतात. माझा झालेला नाही.

नव्वदीच्या दशकात बंगळूरच्या एका मोठ्या संस्थेत आम्ही दोघं एम.एस्सी. करत होतो. दोघंही सुरगाण्याकडचे कोकणा आदिवासी, एकाच खोलीत राहायचो. परीक्षेच्या तोंडावर माझ्या मित्राचा बाप वारला. पेपर चुकवलात तर शिष्यवृत्ती बंद, असं ऑफिसने बजावलं. त्याने पेपर दिले. मग चार दिवसांची रजा मागितली, दिवस घालायला.

"आता कशाला?" ऑफिसातला मराठी साहेब म्हणाला. "तेरावा कधीच होऊन गेला असेल की!"

यांना वाटतं, साऱ्या जगाचा मेलेला माणूस तेराव्या दिवशी वाटेला लागतो. आमच्या पाड्यावर दिवस घालेपर्यंत तो दारातच असतो. काशाच्या थाळीवर मेणाने काडी उभी करतात, थाळकरी काडीवरून बोटं ओढत कथा गातो, मग त्याला पूर्वजांत बसवतात. या विधीला थोरला मुलगा लागतो. मुलगा इथे अडकला म्हणून गावाने दिवस थांबवून धरले होते.

रजा नाही मिळाली आणि तो बोलायचाच थांबला. मेसला येईना. खोलीचं दार लावू देईना. वॉर्डनने त्याला संस्थेच्या मानसोपचारतज्ज्ञाकडे पाठवलं. तोही मराठी, पुण्याचा. "वा, आपलीच माणसं!" म्हणाला आणि मला बाहेर काढलं.

आमच्याकडे दुखणाईताला एकट्याला कुणी विचारत नाही. घरचे, भावकी, शेजारी सगळे भोवती बसतात, भगत सगळ्यांना विचारतो. एकट्याला बसवतात ते पोलीस. पण भगतापुढे काही लपवायचं नसतं, हेही आम्हाला लहानपणापासून ठाऊक. तो भाबडा डॉक्टरला भगत समजला नि सगळं सांगून बसला: बाप दारात आहे, थकलाय, आत येता येत नाही नि पुढे जाता येत नाही.

डॉक्टरने लिहिलं, भास होतात. वर मला म्हणाला, "शिकलेले ना तुम्ही? या खुळचट कल्पनांतून बाहेर काढा त्याला." गोळ्या दिल्या आणि शिफारस केली: वर्षभर घरी पाठवा.

गोळ्यांशी माझं भांडण नाही; ज्याला लागतात त्याने घ्याव्यात. पण आमचा पोरगा वर्षभर घरी गेला म्हणजे कायमचा गेला. ज्यांनी चार दिवस दिले नाहीत, ते आता वर्ष देत होते!

हेच वाक्य मी पत्रकाच्या डोक्यावर घातलं. मेसमध्ये लावलं, संचालकांच्या गाडीच्या काचेवर लावलं, डॉक्टरच्या दारावर तर दोनदा. कन्नड मजकूर हॉस्टेलच्या वॉचमन अण्णाने नीट करून दिला. वर्तमानपत्रात जाईल म्हणून संचालक टरकले. त्याला घरी पाठवायचं की नाही ते ठरवणाऱ्या समितीची बैठक त्यांनी पुढे ढकलली. मी गावाकडे तार केली.

यशवंतपूर स्टेशनवर त्याची आई आणि थाळकरी मामा उतरले. थाळी धोतरात गुंडाळलेली.

"परक्या मुलखात चालतं का हो, मामा?" मी विचारलं.

"पोरगा राहतो ते घर. घराला दार हाय ना? मग झालं."

रविवारी दुपारी आमच्या खोलीत थाळी लागली. अण्णा आपल्या कन्नडमिश्रित मराठीत म्हणाला, "स्वल्प हळू हां, सरी? ठीक?" डॉक्टरला मीच बोलावलं होतं. जमिनीवर बसवायचं होतं त्याला. तो बसला नाही. हात मागे बांधून उंबऱ्यात उभा राहिला, प्रदर्शन बघावं तसा.

मामांनी बोटं थांबवली. "दादा, दार सोडा. आमचा माणूस जायचाय त्यातून."

खोलीत जमलेली हॉस्टेलची पोरं फिसकन हसली. डॉक्टर लालबुंद होऊन व्हरांड्यात सरकला. आयुष्यात इतकं गोड मला काही लागलेलं नाही.

पुढे कथा चालली, आणि माझा मित्र आईच्या मांडीवर डोकं ठेवून ढसाढसा रडला. संध्याकाळी भात जेवला. उठून त्याने स्वतः दार लावलं.

बैठकीत समितीने त्याला विचारलं, तेव्हा त्याने सरळ सांगितलं: बाप पोचला, मला प्रॅक्टिकल करायचंय. त्याची जागा राहिली. तेव्हा डॉक्टर खाकरून म्हणाला, "म्हणजे औषध लागू पडलं."

गोळ्यांचं न फोडलेलं पाकीट मी टेबलावर आपटलं. संचालक म्हणाले, "विषय संपला."

संपला? दुसऱ्या दिवशी नवं पत्रक आणि खळीचा डबा घेऊन मी पुन्हा डॉक्टरच्या दाराशी. मित्र प्रॅक्टिकलला निघालेला, बघून थांबला.

"पुरे की रे आता. माझा बाप गेला ना सुखाने."

"तुझा बाप गेला. माझा डॉक्टर इथंच आहे."

तो हसला. किती दिवसांनी! मग वही काखेत मारून कागदाचं वरचं टोक धरलं. "वाकडं लावतोस," म्हणाला. "सरळ लाव, वाचता आलं पाहिजे त्याला."