माजघरातली भिंत

आम्ही तिघे भावंडे एकत्र बसलो की आळंदच्या घराचे किस्से निघतात आणि दर वेळी ते थोडे वाढलेले असतात. एम. ए. झाल्यापासून मला पुरावा मागण्याची खोड लागली आहे. म्हणून अण्णा आणि अक्का या दोघांनीही मान्य केले, तेवढेच येथे लिहितो.

*

आमच्या दगडी चौकटीवर फारसीत एक ओळ कोरलेली होती. ती घरात कोणालाच वाचता येत नसे. अण्णा उर्दू शाळेत जाऊ लागला, कविता करू लागला, तेव्हा आमच्या वडिलांनी, अप्पांनी, पाहुण्यांसमोर त्याला ती वाचायला लावली. त्याने पूर्वजांच्या शौर्याची स्तुती खणखणीत वाचून दाखवली.

पुढे त्याचे मास्तर घरी आले. त्यांनी वाचले, "दार ठेंगणे आहे, डोके सांभाळा."

अप्पा म्हणाले, "तुमचं खरं असंल, मास्तर. पर आमच्या अण्णाचं ऐकायला बरं हाय."

*

अक्का माजघराच्या भिंतीवर गेरू आणि कोळशाने चित्रे काढी. दर दसऱ्याला अप्पा स्वतः चुना लावून ती पुसत.

"अप्पा, कामून पुसायलात? एक वरीस तरी राहू द्या की."

"भिंत घराची हाय, तुझी न्हाई."

अक्का मला म्हणे, "अण्णाचं खोटं ठिवतेत, माझं खरं पुसतेत."

ज्वारीच्या कणगीमागे तेवढा चुना लागत नसे. आईने एकदा हटकले, तर अप्पा म्हणाले, "तिथं हात पुरत न्हाई."

*

एकदा पोलिसांचे अमीनसाहेब, म्हणजे फौजदार, आले. भिंतीवरच्या चित्रापुढे थांबून त्यांनी विचारले, "ये कौन है, बच्ची?"

"तुम्हीच की. पोट अजून काढायचं हाय."

अमीनसाहेब चहा न घेता गेले. त्या वर्षी दसऱ्याचा चुना उन्हाळ्यातच लागला.

*

संस्थानाच्या शेवटच्या वर्षी गावात राहणे धोक्याचे झाले. अप्पांनी घर सोडून संस्थानाबाहेर, सोलापूरला जायचे ठरवले. ज्वारी पोत्यांत भरली, कणगी बाहेर काढली.

निघण्याआधी अक्काने स्वतःच चुना कालवला. "माझी चित्रं परक्यांनी बघायची न्हाईत," एवढेच म्हणाली आणि भिंत पांढरी करत कोपऱ्यापर्यंत गेली.

कणगीच्या जागी, गुडघ्याएवढ्या उंचीवर, गेरूचा एक घोडा होता. एक पाय चुकला म्हणून शेजारी दुसरा काढलेला, एकूण पाच. अक्काने लहानपणी काढलेले ते पहिले चित्र.

तिने कुंचला बुडवला आणि खाली वाकली.

अप्पा त्याच भिंतीला टेकून उभे होते. म्हणाले, "ते राहू दे, बाई. तिथं हात पुरत न्हाई."