अकरावं पाऊल

आमचे हे, म्हणजे राजशेखर, गेली पंचवीस वर्षं नवी पेठेतल्या दुकानात गिऱ्हाइकांपुढे साड्या उलगडतात. साडीपेक्षा जड वस्तू त्यांनी घरात उचललेली मला आठवत नाही. ज्वारीचं पोतं यायचं असलं की ह्यांची कंबर आदल्या दिवसापासून दुखायची. असा माणूस सेहेचाळिसाव्या वर्षी जिमला निघाला, तेव्हा मी तोंडावर हसले.

कारण मात्र हसण्यासारखं नव्हतं. संक्रांतीला सिद्धेश्वरांच्या यात्रेत उंचच उंच नंदीध्वज निघतात. एकेकट्यानं ते कमरेच्या पट्ट्यावर पेलायचे आणि दमल्यावर पुढच्याच्या पट्ट्यात द्यायचे. ह्यांना लहानपणापासून ते पेलायचे होते. दर वर्षी 'पुढच्या वर्षी बघू' म्हणत गर्दीतूनच हात जोडायचे.

पहिल्या वर्षी जिममध्ये चाळीस किलो उचलले, दुसऱ्या वर्षाअखेर पंचावन्न. आकड्यांचा कागद फ्रिजवर चिकटवलेला असायचा. "माझं वजन ह्याहून भराभर वाढलं," असं मी म्हणाले, तर दोन दिवस अबोला. आमच्यात अंडं चालत नाही, म्हणून वाट्याच्या वाट्या मोड आलेली मटकी खाल्ली. त्याचे परिणाम सगळ्या घरानं भोगले.

डिसेंबरात नंदीध्वज पेलण्याचा सराव सुरू झाला. यंदा तिथं जमलं तरच यात्रेत घेणार होते. ह्यांना धीर यावा म्हणून मी म्हणाले, "दहा पावलं चाललात तरी बास की हो."

त्या संध्याकाळी नंदीध्वजाऐवजी वापरतात ती सरावाची उंच काठी ह्यांच्या पट्ट्यात आली. हे चालायला लागले. मी मनात मोजत होते, ह्यांचेही ओठ हलत होते. दहा झाली, आणि जिमच्या सवयीनं ह्यांनी 'हुश्श' करून, गुडघे वाकवून काठी खाली ठेवायला घेतली. पुढचा गडी अजून पट्टाच आवळत होता. काठी कलली. चौघांनी धावत येऊन सावरली.

सराव घेणारे म्हातारे वीरभद्रप्पा चिडले नाहीत. "ताकद हाय की तुज्यात. पण पुढच्यानं घेतल्याबिगर सोडायची न्हाय. यंदा ऱ्हाऊ दे."

रिक्षात मला फार वाईट वाटलं. दहाचा आकडा माझा होता, ह्यांनी तो इमानानं पाळला होता.

दुसऱ्या दिवशी फ्रिजवरचा कागद मीच फाडला. आता किलो नाहीत आणि पावलंही नाहीत. गच्चीवर हे पट्ट्यात लांब बांबू घेऊन उभे राहतात, वर दोन विटा बांधलेल्या. मी 'घेतली' म्हणेपर्यंत सोडायचं नाही, मोजायचंही नाही. मी मुद्दाम रेंगाळते. कपडे वाळत घालते, शेजारच्या नीलम्माशी कठड्यावरून बोलत बसते.

"चंद्रिका, घे की गं आता."

"थांबा की, पट्टा आवळतीय."

काल कपडे संपले, नीलम्माही आत गेली, तरी ह्यांची हाक आली नाही. वळून पाहिलं तर नजर बांबूच्या टोकाला आणि ओठ बंद. मी रिकामी बादली खाली ठेवली, समोर गेले आणि दोन्ही हातांनी बांबू घट्ट पकडला.

"घेतली," मी म्हणाले.

ह्यांनी सोडला नाही. घामानं डोळे मिटत होते.

"नीट धरलीस न्हवं?" त्यांनी विचारलं.