दादांचा आकडा तिनानं गुणायचा

'हुतंय की' एवढ्या दोन शब्दांवर आख्खं आयुष्य रेटणारा माणूस कृष्णाकाठी आमच्या दादांखेरीज दुसरा झाला नसेल. दादा म्हणजे सांगलीतल्या आमच्या सॉफ्टवेअरच्या ऑफिसातले टीम लीड. गाव आटपाडीकडचं, आवाज बांधावरून हाक मारणारा, आणि अंदाजाच्या बाबतीत तर नुसता आनंदीआनंद. अजून विट्यातच असायचे आणि फोनवर सांगायचे, पोचलोच. घर दिवाळीला पुरं होणार होतं. कोणत्या दिवाळीला ते सांगितलं नव्हतं, त्यामुळे वहिनींना त्यांना खोटं पाडता येत नव्हतं.

आमच्याकडे दर पंधरवड्याला कामाचा अंदाज पत्त्यांनी काढतात. पत्त्यावरचा आकडा म्हणजे दिवस. प्रत्येकानं आपलं पान पालथं ठेवायचं आणि सगळ्यांनी एकदम उलटायचं, म्हणजे कुणी कुणाचं बघून बोलत नाही. ज्यांचे आकडे जुळत नाहीत त्यांनी कारण सांगायचं. आम्ही भिऊन पाच, आठ दाखवायचो. दादांचं पान ठरलेलं, दोन. कारण? 'हुतंय की.' मग पुण्याच्या साहेबांना कळवताना आम्ही तो आकडा गुपचूप तिनानं गुणायचो, आणि काम बरोबर तेवढ्यात व्हायचं! प्रत्येकाच्या कॅटमध्ये प्रश्नचिन्हाचंही एक पान असतं, काहीच अंदाज येत नसेल तर दाखवायला. असलं पान छापायचंच कशाला, म्हणत दादांनी ते घडी घालून डुगडुगत्या टेबलाच्या पायाखाली सारलं होतं.

मागच्या उन्हाळ्यात दादांच्या पोटात गाठ निघाली. ऑपरेशन मिरजेला. जाताना म्हणाले, पंधरा दिवसांत आलो. आम्ही सवयीनं तिनानं गुणलं आणि निर्धास्त राहिलो. फरक पडला तो एवढाच की टेबल पुन्हा डुगडुगायला लागलं. चहा सांडायचा आणि आम्ही एकमेकांच्या नावानं खडे फोडायचो. दीड महिना सरला. मग वहिनींचा फोन आला, डॉक्टरांनी हात टेकलेत, भेटून जा.

गेलो. दादा पार वाळले होते. मला बघून त्यांनी उशाखालून अंदाजाच्या पत्त्यांचा आपला जुना कॅट काढला.

"मी ऑफिसात कवा येतो, त्येचं पान टाक. एकदम उलटायचं गड्या, बघाबघी न्हाई."

मी एकचं पान टाकलं, सगळ्यात लहान आकडा. पानं उलटली. त्यांचं पान प्रश्नचिन्हाचं होतं, घडी पडलेलं, टेबलाच्या पायाचा वळ उमटलेलं. जातानाच काढून नेलं होतं त्यांनी. म्हणजे माणसाला तेव्हाच सगळं कळलं होतं.

"कारण सांग," दादा म्हणाले.

"हुतंय की, दादा," मी म्हणालो, आणि मला रडू आवरेना.

ते हसले. "मग तिनानं गुण. तुमी गुणताय ते ठावं हाय मला. म्हणून तर बिनघोर दोन म्हणत हुतो." मग ते पान माझ्या हातात दिलं. "ह्ये घाल परत जाग्यावर. टेबल हलत असंल."

दादा आले नाहीत. पान मी जाग्यावर घातलं, टेबल आता हलत नाही. सगळे नीट, हिशेबी आकडे दाखवतात, ते बहुतेक खरे ठरतात आणि पुण्याचे साहेब खूष आहेत. मला मात्र फार वाईट वाटतं. दर वेळी पानं उलटली की मी आधी त्यांच्या खुर्चीसमोर बघतो, तिथं दोन आहे का म्हणून.